स्नॅपची मुलाखत हुकली तर नवा अर्ज नको

फूड स्टॅम्पच्या (अमेरिकेतलं स्नॅप, म्हणजे कमी उत्पन्न असणाऱ्यांना किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत) मुलाखतीचा फोन हुकला म्हणून नव्याने अर्ज करा, असा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका. तेवढ्यावरून 30 दिवसांच्या आत अर्ज फेटाळता येत नाही. मुलाखत हुकल्याची नोटीस येते. नवी वेळ मात्र तुम्हालाच फोन करून मागावी लागते. हे 30 दिवस अर्ज दिल्या तारखेपासून मोजतात, नोटिशीच्या नव्हे, इथेच बरेच जण फसतात. मुदतीत मुलाखत झाली नि पात्र ठरलात, तर लाभ मूळ अर्जाच्या तारखेपासून धरतात. ऑफिसचा फोन अनेकदा अनोळखी नंबरावरून येतो, मुलाखतीच्या दिवशी स्पॅम ब्लॉक बंद ठेवा. वेळ मागतानाच मराठी दुभाषाही मागा, त्याचे पैसे पडत नाहीत.