हाताला काम असलेली जागा बघा

नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर संध्याकाळी बोलायला कोणी नाही, असं मूळ धाग्यात विचारलंय. वर बऱ्याच जणांनी 'एकट्या लोकांचे' टेलिग्राम ग्रुप सुचवलेत. मला नाही पटत. तिथे सगळे बोलायला आलेले, ऐकायला कोण? वर चार दिवसांत कोणीतरी गुंतवणुकीची स्कीम घेऊन इनबॉक्सात हजर.

त्यापेक्षा आयनॅचरलिस्टवर जा, म्हणजे झाडं-प्राण्यांचे फोटो टाकून त्यांची ओळख पटवायची वेबसाइट. कुंडीतल्या कढीपत्त्यावर सुरवंट दिसला की फोटो टाका, नाव माहीत नसलं तरी चालतं. कोणीतरी विचारतं, "कुठल्या झाडावर होता?" कढीपत्ता म्हटलंत की 'कॉमन मॉर्मन' या फुलपाखराची शक्यता निघते, मग दुसरा येऊन दुजोरा देतो किंवा खोडून काढतो. गप्पा आपोआप सुरू.

फार बोलवत नसेल तर मराठी विकिस्रोत, म्हणजे जुन्या पुस्तकांचं मोफत ऑनलाइन ग्रंथालय. पानांचा उतरवलेला मजकूर मूळ स्कॅनशी ताडून बघायचा. तुम्ही तपासलेल्या पानाची खूण पिवळी होते, दुसऱ्या कोणी पुन्हा तपासलं तरच हिरवी. चर्चापानावर शंका विचारता येतात.

मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.