मदत हवी आहे: अठराव्या शतकातील गाऊनची बाही बसत नाही

उसवण: १७७० च्या दशकातील इंग्रजी धाटणीचा गाऊन शिवत असून तो शनिवारी घालायचा आहे. पाठीच्या चुण्या मनासारख्या बसल्या आहेत. मात्र हात जरा उचलला की अंगाचा सगळा भाग वर सरकतो आणि पोटावर आडव्या सुरकुत्या पडतात. मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची कापणी, दोनदा खोल केला, तरी अडचण वाढलीच. आधी मांजरपाटावर नमुना करायला हवा होता, हे कृपया कोणी सांगू नये.

धावदोरा: मुंढा खोल केला की हात अधिकच अडकतो. आत काय घातले आहे आणि मापे कशावरून घेतली, हे आपण लिहिलेले नाही.

छीटप्रेमी: कापड छिटाचे, म्हणजे नक्षी छापलेले सुती, आहे का? फ्रान्समध्ये १६८६ पासून १७५९ पर्यंत छिटावर बंदी होती, तरीही लोक ते चोरून वापरत. इंग्लंडमधील बंदी १७७४ मध्ये उठली, त्यामुळे आपले दशक जपून ठरवावे.

उसवण: कापड छिटाचेच आहे, पण प्रश्न बाहीचा आहे. आत नेहमीचेच कपडे आहेत. मापे माझ्या ब्लाउजवरून घेतली.

धावदोरा: मग सुरकुत्यांचे कारण तेच आहे. हा गाऊन स्टेजवर, म्हणजे काड्या घालून ताठ केलेल्या आतल्या चोळीवर बेतायचा असतो. मऊ अंगावर तो दुमडणारच.

हूकवाली: एवढा खटाटोप कशाला? पुढे हूक लावून घट्ट करावे.

धावदोरा: हुकांनी सुरकुती जात नाही. त्या काळी पुढची बाजू बहुधा टाचण्यांनीच बंद करीत, आणि आत स्टेज असल्यामुळे त्या टोचत नसत.

हूकवाली: टाचण्या लावून बसमध्ये बसून दाखवा, मग बोलू.

उसवण: तीन दिवसांत स्टेज होतील का? आणि कापलेल्या मुंढ्याचे काय करू?

धावदोरा: तागाच्या दुहेरी कापडात, वायरी बांधायच्या जाड प्लास्टिकच्या पट्ट्या घालून साधे स्टेज होतील. मुंढ्याला काखेखाली त्याच कापडाचा जोड द्यावा; त्या काळी असे जोड सर्रास देत. बाहीचा फक्त खालचा अर्धा भाग शिवावा. मग स्टेज चढवून, गाऊन अंगावर असतानाच, बाहीचा वरचा भाग चुण्या घालून खांद्यावर टाचावा आणि त्यावर खांदपट्टी शिवावी. टाचायला मात्र दुसरे कोणी लागेल.

उसवण: सासूबाई तयार आहेत. बाहीच्या चुण्यांची तोंडे पुढे ठेवायची की मागे?