मदत हवी आहे: युद्धकाळातलं पी-३८ आणि प्लस पी गोळ्या

मंडळी, जाणकारांचं मत हवंय. माझ्याकडे परवान्यावर घेतलेलं वॉल्थर पी-३८ पिस्तूल आहे, लष्करी साठ्यातून बाहेर पडलेलं. स्लाइडवर (वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागावर) 'एसी ४४' असा ठसा, म्हणजे वॉल्थरच्याच कारखान्यातलं, १९४४ सालचं. नळी आतून चकचकीत आहे, रायफलिंग (आतल्या पिळदार खाचा) धारदार. ९ मिमीच्या साध्या गोळ्या कुरकुर न करता चालतात.

आता विक्रेत्याने प्लस पी (साध्यापेक्षा जास्त दाबाच्या) गोळ्यांचा खोका गळ्यात मारलाय. त्याचं म्हणणं, "लष्करी पिस्तूल आहे, काही होत नाही. शिवाय प्रूफचा ठसा आहे ना!" ठसा आहे खरा. पण मन धजत नाही. खोका अजून फोडलेला नाही. वापरू की नको? आणि नको असेल तर नेमकं काय बिघडतं? नळी फुटते का?

प्रतिसाद १
नका वापरू.

नळी फुटण्याची भीती त्यामानाने कमी. अमेरिकेच्या सामी (शस्त्र-काडतूस उत्पादकांची संस्था) मानकात साध्या ९ मिमीची दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), प्लस पीची ३८,५००. म्हणजे साधारण १०% जास्त. चांगली नळी तेवढं सोसते. मार बसतो तो स्लाइडला आणि लॉकिंग ब्लॉकला, म्हणजे गोळी सुटताना नळी आणि स्लाइड एकत्र धरून ठेवणाऱ्या तुकड्याला. दाब वाढला की स्लाइड जास्त वेगाने मागे येते आणि प्रत्येक वेळी फ्रेमवर आपटते. पी-३८ मध्ये ब्लॉकचे कान (दोन बाजूंना निघालेले खुंट) तडकणं हे जुनंच दुखणं आहे, साध्या गोळ्यांवरसुद्धा.

प्रूफच्या ठशाबद्दल: प्रूफ चाचणीत मुद्दाम जादा दाबाच्या मोजक्या गोळ्या झाडतात, तेही पिस्तूल नवं असताना. 'त्या दिवशी फुटलं नाही' एवढंच तो ठसा सांगतो. त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत ते किती झिजलं, ते त्याला कसं कळणार?

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादाला +१. एक भर घालतो. 'प्लस पी प्लस' लिहिलेला खोका दिसला तर हातही लावू नका. त्याला सामीची कमाल मर्यादाच ठरलेली नाही, बनवणारा म्हणेल तेवढा दाब.

आणि 'चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत) बसते म्हणजे चालते' हा समज फार घातक. पॉइंट ३८ ऑटो आणि पॉइंट ३८ सुपर यांची केस मापाने सारखीच. पण पहिलीची मर्यादा २६,५०० पीएसआय, दुसरीची ३६,५००. कोल्टच्या १९०० आणि १९०२ मॉडेलमध्ये सुपर गोळी आरामात बसते. त्यांत स्लाइडला पुढे अडवून धरते ती एक आडवी पाचर. ती तुटली की स्लाइड सरळ नेम धरणाऱ्याच्या तोंडावर! इटलीच्या १९१० च्या ग्लिसेंटीचंही तसंच. तिची गोळी ९ मिमी पॅराबेलमच्याच मापाची, पण दारू कमी भरलेली. फ्रेमची डावी बाजू म्हणजे नुसतं सुटं झाकण. त्यात पॅराबेलम घालणं म्हणजे विषाची परीक्षा.

प्रतिसाद ३
जास्त कडक रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेल्या स्लाइडला पुढे ढकलणारी) टाकली तर? कुठेतरी वाचलं होतं की मग प्लस पी चालतात.

प्रतिसाद १
@प्रतिसाद ३, स्प्रिंगने चेंबरमधला दाब रतीभरही कमी होत नाही. स्लाइडचा मागचा तडाखा थोडा मऊ होतो, पण पुढे येताना ती आणखी जोरात आदळते. दुखणं एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलं, इतकंच.

धागाकर्ते, तुम्ही आधी हे करा. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री करा. स्लाइड उतरवून नळी बाहेर काढली की तिच्याखालचा लॉकिंग ब्लॉक हातात येईल. तो रॉकेलने स्वच्छ पुसा आणि भिंग घेऊन दोन्ही कानांच्या मुळाशी बघा. केसासारखी बारीक काळी रेघ दिसली आणि ती पुसून जात नसली, तर ती चीर समजा. मग साधी गोळीसुद्धा बंद. स्लाइडच्या खाचांचे कोपरेही तसेच तपासा. हेडस्पेस (चेंबरमध्ये गोळीच्या बुडामागे उरणारी मोकळीक) मात्र गनस्मिथकडून गेज लावूनच बघून घ्या, तो अंदाजाचा मामला नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. ब्लॉक काढून पाहिला. डावा कान स्वच्छ आहे, उजव्याच्या मुळाशी एक रेघ आहे. पुसली तरी गेली नाही. ओरखडा आहे की चीर, माझ्या डोळ्यांना ठरवता येईना. तूर्त पिस्तूल कपाटात, खोका विक्रेत्याला परत. गनस्मिथकडे गेल्यावर आणखी काय सांगू?

प्रतिसाद १
शंका असेल तर ब्लॉक बदलाच. पण नवा ब्लॉक त्यानेच बसवून, हेडस्पेस पुन्हा मोजून द्यायला हवा. सोबत रिकॉइल स्प्रिंगाही मागा. पी-३८ ला दोन असतात, फ्रेमच्या दोन्ही अंगांना. जोडीनेच बदला. आणि गोळी पूर्ण जॅकेटची (शिशावर धातूचं पूर्ण आवरण असलेली), गोल नाकाची, साध्या दाबाची. पोकळ टोकाच्या गोळ्या यात अडकू शकतात.