घरी बियर करणे: छंद की हातभट्टी?

जुळे सोलापूर:
'साखर पेठ' या नावाने लिहिणाऱ्यांनी काल या सोलापूरकरांच्या चर्चेत लिहिले की, घरी बियर करणे म्हणजे शिकल्यासवरल्या माणसांची हातभट्टीच, त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. हे वाक्य मला लागले, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सहा वर्षे ब्रिटनमध्ये लीड्सला नोकरीला होतो. तेथे १९६३ पासून स्वतःपुरती बियर घरी करायला परवाना लागत नाही. ती विकायची मात्र नसते. महिन्यातून एका रविवारी मी भरडलेले बार्लीचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, ६५-६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवत असे. सुरुवातीला ते पाणी पिठूळ आणि बेचव लागे. तासाभराने तेच चमचाभर चाखले की काकवीची आठवण व्हावी इतके गोड झालेले असे. वरून साखर कोणी घातलेली नसते, धान्यातल्याच स्टार्चची ती झालेली असते. मग हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी वेलीची फुले, घालून तासभर उकळायचे, निववायचे, यीस्ट घालून पिंप बंद करायचे आणि वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणावरच्या एअरलॉकमधून (आतला वायू सोडणाऱ्या पण बाहेरची हवा आत न येऊ देणाऱ्या नळीतून) पहिला बुडबुडा निघाला की मला होणारा आनंद हा रात्री भिजवलेले इडलीचे पीठ सकाळी फुगलेले पाहून माझ्या आईला होणाऱ्या आनंदाच्याच जातीचा होता. वीस लिटरांतली निम्मी बियर मी शेजारी आणि सहकाऱ्यांत वाटून टाकत असे. यात हातभट्टी कोठे आली?

साखर पेठ:
कोठे आली ते सांगतो. माझे आजोबा गिरणीत कामाला होते आणि पगाराच्या दिवशी आजी फाटकाशी जाऊन उभी राहत असे, कारण ते एकटे निघाले तर पगार घरापर्यंत पोचत नसे. आमच्या बोळाच्या टोकाला सडलेल्या गुळाचा आणि नवसागराचा जो वास येई, तो मला आजही ओळखता येतो. याच जिल्ह्यात ग्रामीण पोलिसांना २०२१ मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेऊन हातभट्टीवर पोट भरणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या व्यवसायांकडे वळवावे लागले. अशा जिल्ह्यात बसून तुम्ही आंबवण्याच्या आनंदाचे वर्णन करता, याचा मला राग येतो. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ती एकच बाटली का असेना.

जुळे सोलापूर:
कायद्याचे म्हणणे मान्य आहे, आणि म्हणूनच परत आल्यापासून मी एक थेंबही केलेला नाही. पिंप माळ्यावर पडून आहे. परंतु हातभट्टीची दारू गाळलेली, म्हणजे उकळून तिची वाफ थंड करून मिळवलेली असते; बियर तशी गाळत नाहीत, ती नुसती आंबवतात. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली ती मिथेनॉलमुळे, धान्य आंबवल्यामुळे नव्हे.

मंगळवेढेकर:
तुम्हा दोघांच्या भांडणात बार्ली सोडून दुसरे धान्यच नाही, याचे मला वाईट वाटते. दक्षिण आफ्रिकेतली उमकोम्बोथी ही बियर मका आणि ज्वारीची असते, बुर्किना फासोमधली डोलो तर ज्वारीचीच, आणि ती तेथील बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. आमच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, पण बाजारात पोते उतरवले की भाव विचारताना आमचीच मान खाली जाते. परवाना देऊन का होईना, ज्वारीची बियर कोणी करणार असेल तर मी पहिले पोते देईन.

विजापूर रोड:
सावकाश. बियरसाठी ज्वारीलाही मोड आणावे लागतात, आणि मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबांत धुरिन नावाचे द्रव्य असते, त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे विष सुटते. आफ्रिकेत मोड वाळवतात, कोंब चोळून काढतात आणि मग पुष्कळ वेळ उकळतात, ते उगीच नव्हे. दुसरे असे की, ज्वारीचा स्टार्च ६५ अंशांवर नीट फुलत नाही आणि त्याहून जास्त तापवले तर स्टार्चची साखर करणारी विकरे (एन्झाइम) निकामी होतात. म्हणून डोलो करणाऱ्या बायका ही विकरे असलेली वरची निवळ आधी काढून ठेवतात, खालचा साका उकळतात आणि नंतर दोन्ही एकत्र करतात. बार्लीची कृती ज्वारीला लावून चालत नाही.

मंगळवेढेकर:
ज्वारी खाऊन आम्ही मोठे झालो, ज्वारीचे विष आम्हाला शिकवू नका. शेतकऱ्याला चार पैसे मिळण्याची गोष्ट निघाली की शहरातल्या माणसांना नेमका धोकाच कसा आठवतो?

विजापूर रोड:
भाकरी वाळलेल्या दाण्याची असते, कोंबाची नव्हे. पावसाने ताण दिलेल्या वर्षी आमची गाय कोवळ्या ज्वारीत शिरली आणि डॉक्टर येण्याआधी गेली. मी तेव्हा नववीत होतो आणि तिला बांधण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे मी शहरातला आहे म्हणून बोलत नाही.

मंगळवेढेकर:
गायीचे खरे आहे. आमचाही एक खोंड तसाच गेला होता, ते मी लिहायला हवे होते. भावाविषयी मात्र माझे म्हणणे तेच आहे.

साखर पेठ:
ज्वारीवरून मूळ मुद्दा बाजूला पडला. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ च्या आसपास असतो, तेव्हा हे यीस्ट जगणार तरी कसे?

जुळे सोलापूर:
बियरच्या नेहमीच्या 'एल' जातीच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात, हे खरे. पण पश्चिम नॉर्वेतल्या शेतघरांत जपलेले क्वाइक नावाचे यीस्ट ३५ ते ४० अंशांतही उत्तम काम करते. ते वाळवून ठेवतात आणि कोणाचे बिघडले तर शेजाऱ्याकडून मागून आणतात, आपल्याकडे विरजण आणतात तसे.

साखर पेठ:
विरजणाची उपमा मला पटली, हे नाइलाजाने लिहितो. तुमच्या लीड्सच्या स्वयंपाकघरापुरता 'हातभट्टी' हा शब्द मी मागे घेतो. आमच्या बोळापुरता घेणार नाही. आजी असती तर तो पहिला बुडबुडा निघण्याआधीच तिने पिंप अंगणात उपडे केले असते, आणि मी तिला अडवले नसते.