हीटर लावला की पायावर गार वारा!

निफाडकर: पहाटे पाचला निफाडहून नाशिकला निघतो. काच धुरकट, हीटर फुल्ल, आणि वारा बर्फासारखा. बायको म्हणते, यापेक्षा शेकोटी बरी. 2012 ची डिझेल गाडी. तापमानाचा काटा पूर्वी निम्म्यावर असायचा, आता पावावरच रेंगाळतो. गॅरेजवाला म्हणतो हीटर कोर (डॅशबोर्डमागचा, केबिनची हवा तापवणारा छोटा रेडिएटर) बदला, अख्खा डॅशबोर्ड उतरवणार. करू का?

सिडकोतला मिस्त्री: थांबा दादा! काटाच चढत नाही, मग कोरला का बदनाम करता? थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकला असणार; मग इंजिन तापतच नाही. आधी इंजिन गार असताना कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी बघा; गरम असताना टोपी उघडलीत तर तोंड भाजेल. मग 15 मिनिटं गाडी पळवा, इंजिन बंद करा आणि केबिनमध्ये जाणारे हीटरचे दोन्ही पाइप जपून चाचपा. दोन्ही चटका देतात तरी वारा गार, तर गरम-गार हवा वळवणारा आतला फ्लॅप बिघडलाय. एक गरम, एक गार, तर कोर चोक किंवा हवा अडकलेली. दोन्ही कोमट, तर माझंच खरं.

आडगाव नाका: कूलंट कमी निघालं तर गळती शोधा. मॅट ओली आणि गोडसर वास आला तर मात्र कोरच. बोअरचं पाणी ओतू नका, क्षार बसतात.

निफाडकर: दोन्ही कोमट! थर्मोस्टॅट काढला, झडप किंचित उघडी, कडेला गंजाचा खडा. नवीन बसवला, कूलंट भरून हवा काढली. आज चांदोरी यायच्या आत स्वेटर काढला. बायको आता खिडकी उघडा म्हणते.