मदत हवी आहे: ताईसाठी नव्वदच्या दशकातली पॉप गाणी, जी नुसती ऐकूनही उभी राहतील

नमस्कार मंडळी. जरा घाईची मदत हवी आहे.

माझ्या ताईच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला आणि गेल्या बुधवारी ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा फुगा सोडलाय. तो पडद्याला नीट दाबून धरावा म्हणून डॉक्टरांनी दहा दिवस पालथं राहायला सांगितलंय. तासातली पन्नास मिनिटं तोंड जमिनीकडे, दहा मिनिटं सुट्टी. जेवतानाही मान खाली. फोन, टीव्ही, पुस्तक सगळं बंद. एरवी दिवसभर शाळेत पोरांच्या गराड्यात असणारी बाई ही. काल मला म्हणाली, "आपली ती हॉस्टेलची गाणी लाव ना गं."

हॉस्टेलची गाणी म्हणजे १९९५ ते २००० मधली हिंदी पॉप. ताई १९९६ साली पुण्याला शिकायला गेली. तिथं हॉलमधल्या टीव्हीवर एमटीव्ही आणि चॅनल व्ही दिसायचं. आमच्या सांगलीच्या घरी मात्र आप्पांनी माझी बारावी होईपर्यंत केबल घेतलं नाही. ताई महिन्या-दीड महिन्यानं एसटीनं यायची तेव्हा पिशवीत मैत्रिणीकडून भरून आणलेली एखादी कॅसेट असायची. रात्री गच्चीवर सतरंजी टाकून आम्ही टेप लावायचो आणि गाण्यात काय काय दिसतं ते ती मला सांगायची. 'ओ सनम'मध्ये वाळवंट आहे, मागे पिरॅमिड आहेत. 'मेड इन इंडिया'त अलिशा राणी झालीय आणि शेवटी लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर येतो. थोडक्यात, ही गाणी तिनं पाहिली आणि मी ऐकली.

म्हणून मला वाटतंय की या कामाला मीच बरी. पण यादी करायला बसले आणि अडकले. तेव्हा यादीत वर असलेलं प्रत्येक गाणं आज अंधारात ऐकवत नाही. माझी मतं मांडते, पटली नाहीत तर मोकळेपणानं सांगा.

'मेड इन इंडिया' (१९९५) मी अजूनही मनापासून ऐकते. ते बिद्दूनं केलंय. 'कुंग फू फायटिंग' आणि नाझिया हसनचं 'डिस्को दीवाने' करणारा हाच माणूस, त्यामुळे ध्रुवपद कानाला कसं चिकटवायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण कडवी पातळ आहेत. ताईला ते गाणं माझ्यापेक्षा किती तरी जास्त आवडायचं आणि त्यात खोक्याचा वाटा मोठा होता, असं मला खरंच वाटतं.

लकी अलीचं 'ओ सनम' (१९९६) याच्या अगदी उलट. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हा माणूस कोण, मेहमूदचा मुलगा की काय, काहीच माहीत नव्हतं. सर्दी झाल्यासारखा आवाज, गिटार, आणि गाणारा जणू शेजारी बसून दुसरीकडेच बघतोय असं वाटणं. पुढे बऱ्याच वर्षांनी व्हिडिओ पाहिला तेव्हा पिरॅमिड मला मध्ये आल्यासारखे वाटले. या गाण्यासाठी मी कुणाशीही भांडेन.

आशाबाईंचं 'जानम समझा करो' (१९९७) ठेवतेच. त्या आमच्या सांगलीत जन्मलेल्या, हे एक कारण. दुसरं असं की चौसष्टीच्या आसपासची बाई संगीतकार लेस्ली लुईससोबत इतकं खट्याळ गाते आणि तरी एकही सूर इकडचा तिकडे होत नाही. त्याच लेस्लीनं हरिहरनबरोबर केलेलं 'कोलोनियल कझिन्स' (१९९६) घ्यायचं का, यावर मात्र मन ठरत नाही. 'कृष्णा नी बेगने बारो' त्यात ज्या तऱ्हेनं येतं ते मला फार सुंदर वाटतं. बाकीची गाणी तेवढी पकडत नाहीत.

शुभा मुद्गल यांच्या 'अब के सावन' (१९९९) बद्दल एक वेगळाच प्रश्न आहे. आमच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर ते पहिल्या बाजूच्या शेवटी भरलेलं होतं आणि फीत संपल्यामुळे मध्येच, तान वर चढत असताना, 'टक' करून तुटायचं. आम्ही दोघींनी दोन वर्षं ते तसंच ऐकलं. नंतर पूर्ण गाणं शंभरदा ऐकलं, तरी ताई गुणगुणताना अजून तिथंच थांबते. तर पूर्ण लावू की तुटलेलं?

फाल्गुनी पाठक, दलेर मेहंदी, बाबा सेहगल यांचं काय करायचं ते कळत नाही. ती गाणी वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. पण पालथं पडलेल्या माणसाला 'ठंडा ठंडा पानी' ऐकवावं का?

मला साधारण दोन तासांचं हवंय. ज्यांनी तेव्हा व्हिडिओ पाहिले त्यांना विशेष विनंती: एकदा डोळे मिटून ऐका आणि सांगा, चित्र काढून घेतल्यावर कुठलं गाणं उरतं.

प्रतिसाद १

ताईंना लवकर बरं वाटो. माझं हेच ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालंय, म्हणून आधी गाण्यांपलीकडचं सांगतो. पहिले तीन-चार दिवस मान आणि खांदे इतके भरून येतात की ठेक्याचं काहीही नको वाटतं. स्पीकर त्यांच्या तोंडाखाली जमिनीवर ठेवू नका, बाजूला स्टुलावर ठेवा. माझ्या मुलानं तोंडाखाली ठेवला होता आणि ढोल वाजला की कपाळात ठणकायचं. दर पन्नास मिनिटांनी उठायचं असतं, तर गाण्यांचे तसेच तुकडे पाडा. गाणी संपली की उठायची वेळ झाली. घड्याळ विचारावं लागत नाही. मला घड्याळ विचारण्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला होता.

प्रतिसाद २

दलेर मेहंदीवर अन्याय होतोय. 'बोलो ता रा रा' आलं तेव्हा लोक म्हणायचे की याची गाणी व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे चालतात. त्याला उत्तर म्हणून त्यानं 'तुनक तुनक तुन' (१९९८) मध्ये एकही मुलगी घेतली नाही, चार रंगांच्या कपड्यांत चार दलेर उभे केले. गाणं तरीही गाजलं, आणि पंजाबीचा एक शब्द न कळणाऱ्या लोकांत गाजलं. तुमच्या कसोटीला याच्याइतकं खरं उतरलेलं दुसरं गाणं नाही. आठव्या दिवशी लावा, मान मोकळी झाली की.

प्रतिसाद ३

१९९८ सालचा 'गारवा' कुणी कसा काढला नाही अजून? मिलिंद इंगळे आणि सौमित्र. तुम्ही हिंदी म्हणालात हे मान्य, पण त्या वर्षी आमच्या कॉलेजात लकी अली आणि 'गारवा' एकाच कॅसेटवर भरून घ्यायचे लोक. शिवाय त्यात गाण्याआधी कविता बोलली जाते. एकट्या पडलेल्या माणसाला गाण्यापेक्षा बोलणारा आवाज जास्त सोबत करतो. आईच्या आजारपणात हे पाहिलंय.

प्रतिसाद ४

मी जन्मापासून पाहू शकत नाही. तुमचा धागा स्क्रीन रीडरवर ऐकला. तुम्ही जी कसोटी लावताय ती माझ्यासाठी कसोटी नव्हतीच, ही गाणी मला तशीच मिळाली. म्हणून माझं मत सांगतो.

त्या काळातलं सर्वांत चांगलं ध्वनिमुद्रण मला लकी अलीच्या 'सुनो'चं वाटतं, म्हणजे 'ओ सनम' ज्यात आहे त्या अल्बमचं. त्याचा निर्माता मिकी मॅक्लिअरीनं वाद्यं एकमेकांपासून लांब ठेवलीत, त्यामुळे खोली मोठी वाटते. पालथं पडलेल्या माणसाला खोली मोठी वाटणं महत्त्वाचं. त्यानंतर सिल्क रूट या बँडचं 'डूबा डूबा' (१९९८). सुरुवातीची ती रेकॉर्डरची (बासरीसारख्या वाद्याची) धून वाजली की मला खिडकी कुठं आहे ते कळल्यासारखं होतं, याहून नीट सांगता येत नाही. त्यांचा गायक मोहित चौहान तेव्हा आजच्याइतका सफाईनं गात नव्हता आणि मला तेच जास्त आवडतं.

फाल्गुनी पाठक जरूर ठेवा. 'याद पिया की आने लगी'ला लोक व्हिडिओतल्या गोष्टीमुळे हलकं धरतात, पण त्या आवाजात गरब्याच्या मैदानाची सवय आहे. लांबवर पोचायची सवय असलेला आवाज हळू लावला तरी स्पष्ट राहतो. एकदा अगदी बारीक आवाजात लावून बघा.

युफोरिया या बँडचं 'धूम पिचक धूम' मला कधीच रुचलं नाही. नुसता उत्साह आहे. मात्र त्याच बँडच्या पलाश सेनचं 'मायेरी' रडवतं. ते २००० चं आहे, चालणार असेल तर घ्या.

आणि 'अब के सावन' तुटलेलंच लावा.

प्रतिसाद ५

शेवटच्या वाक्याशी असहमत, पूर्ण लावा. आजारी माणसाला अर्ध्यात सोडू नये.

केकेचं 'पल' (१९९९) सगळे सुचवतील म्हणून मुद्दाम सांगते, नका घेऊ. दहावीच्या निरोपाला, बारावीच्या निरोपाला, प्रत्येक गॅदरिंगला ते वाजलं आणि आम्ही दर वेळी रडलो. २०२२ मध्ये कोलकात्याच्या कार्यक्रमानंतर तो गेला, तेव्हापासून पहिली ओळही सोसत नाही. बऱ्या माणसानं ऐकावं ते. त्याऐवजी गोव्याच्या रेमो फर्नांडिसचं 'ओ मेरी मुन्नी' घ्या. गोव्याचं ऊन आहे त्यात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सहावा दिवस. काय काय झालं ते सांगते.

स्पीकर स्टुलावर गेला. आधी जमिनीवरच होता, आणि ताई काही बोलत नव्हती कारण मी हौसेनं ठेवला होता. पन्नास मिनिटांचे तुकडे पाडले. पहिल्या तुकड्यात लकी अली, 'डूबा डूबा', 'गारवा' मधल्या दोन गोष्टी आणि शेवटी आशाबाई. 'गारवा'तली कविता सुरू झाली तेव्हा ताई झोपली असं मला वाटलं. जवळ गेले तर ओठ हलत होते. सगळी पाठ आहे तिला.

'पल' नाही घेतलं. तुमचं म्हणणं पटलं. 'कोलोनियल कझिन्स'मधलं एकच गाणं घेतलं.

'याद पिया की' बारीक आवाजात लावून पाहिलं आणि चौथ्या प्रतिसादातलं म्हणणं शब्दशः खरं निघालं. मी स्वयंपाकघरातून लसूण सोलता सोलता शब्द न् शब्द ऐकत होते. वीस-पंचवीस वर्षं मी या आवाजाला नीट ऐकलंच नव्हतं, ही माझी चूक.

'मेड इन इंडिया'च्या वेळी ताई म्हणाली, "खोकं आलं बघ," आणि ते नेमकं कधी उघडतं ते तिनं मला हात वर करून सांगितलं. म्हणजे तिच्यासाठी त्या गाण्यातून चित्र वेगळं काढताच येत नाही. कडवी पातळ आहेत हे माझं मत कायम आहे, पण तिच्या यादीतून ते गाणं काढायचा मला अधिकार नाही, हेही कळलं.

'अब के सावन' दोन्ही तऱ्हेनं लावलं. सकाळी पूर्ण, संध्याकाळी तुटलेलं. भाच्यानं फोनवर बरोब्बर तिथं कापून दिलं. तुटलं तशी ती म्हणाली, "आता बाजू बदल," आणि मी खरंच उठून उभी राहिले.

एक गोष्ट मात्र मला आधी सुचली नव्हती. 'डूबा डूबा' संपल्यावर ती म्हणाली, "माहितीये का, त्या व्हिडिओत सगळे पाण्याखाली आहेत." मी म्हटलं, तू तेव्हाच सांगितलं होतंस, गच्चीवर. तर म्हणाली, "नाही गं, मी आत्ताचं सांगतेय. त्या फुग्यातून असंच दिसतं. टाइल्स, तुझे पाय, सगळं पाण्यातून बघितल्यासारखं हलतंय." मग गच्चीवर सांगायची तसंच तिनं सांगायला सुरुवात केली: कडेला काळी गोल रेघ आहे, मान हलली की ती डुचमळते, मध्ये फरशीची नक्षी वाकडी होऊन परत सरळ होते. मी शेजारी सतरंजीवर पडून ऐकत होते. गाणं तिनं चार वेळा लावायला सांगितलं.

चार दिवस उरलेत आणि अजून एक पन्नास मिनिटांचा तुकडा रिकामा आहे. दलेर आठव्या दिवशी लावणार हे ठरलंय. बाकी सुचवत राहा. शुभा मुद्गल यांचं 'अली मोरे अंगना' कुणी हल्ली नुसतं कानांनी ऐकलं असेल तर कसं वाटतं, तेही सांगा.