‘पोझ’मधलं निषिद्ध प्रेम नेमकं कुणाचं?

मुक्ताफळे:
‘पोझ’ या अमेरिकी मालिकेचा (२०१८-२१, तीन सीझन) विषय निघाला की गाडी एंजल आणि स्टॅनवर येऊन थांबते. १९८७चं न्यूयॉर्क, ट्रम्पच्या कंपनीत नोकरीला लागलेला बायको-मुलांचा गोरा स्टॅन, आणि धक्क्यावर गिऱ्हाईक शोधणारी एंजल ही ट्रान्स मुलगी. पण यात निषिद्ध काय आहे? तो तिला फ्लॅटमध्ये ठेवतो, स्वतः न्यू जर्सीच्या घरी झोपायला जातो. अंगवस्त्र ठेवणं कुठल्याच समाजात फारसं निषिद्ध नव्हतं, फक्त बोलायचं नसायचं.

खरी मनाई दुसऱ्या सीझनमध्ये येते आणि ती घरातूनच, म्हणजे घरच्यांनी टाकलेल्या ट्रान्स आणि समलिंगी माणसांनी मिळून मांडलेल्या ‘हाऊस’मधून. प्रे टेल (बॉल म्हणजे या घरांमधल्या नाच-फॅशनच्या स्पर्धा, त्यांचा सूत्रसंचालक) आणि तरुण रिकी. वयात भलं मोठं अंतर, दोघंही एचआयव्ही पॉझिटिव्ह, त्यात रिकी डेमनचा आधीचा प्रियकर. हा तोच डेमन, ज्याला समलिंगी म्हणून आईबापांनी घराबाहेर काढलं आणि या घराची ‘आई’ असलेल्या ब्लँकाने आपल्या घरात घेतलं. तोच आता प्रे टेलवर भडकतो. निवडून जमवलेलं कुटुंबसुद्धा ‘हे आपल्यात चालत नाही’ म्हणायला किती लवकर शिकतं, ते मला या मालिकेतलं सगळ्यात खरं वाटलं.

दादरचा_दिगू:
साफ असहमत. मूल जसं आहे त्यासाठी त्याला हाकलणं आणि जवळच्या माणसाने आपल्या जुन्या प्रियकराशी जमवलं म्हणून चिडणं एकाच तागडीत कसं घालता? डेमनने फक्त थयथयाट केला, कुणाला घर सोडायला लावलं नाही. घर म्हटलं की नियम आलेच. घरातला पापी नावाचा मुलगा ड्रग्ज विकतो म्हणून ब्लँका त्याला बाहेर काढते, नंतर परतही घेते. रक्ताच्या घरांनी नेमकं हेच केलं नाही, परतीचं दार उघडं ठेवलं नाही.

कैरीचं_पन्हं:
स्टॅनला एवढं स्वस्तात काढू नका हो. बॉलमध्ये ‘रिअलनेस’ची स्पर्धा असते. साहेबी सूट घालून असं चालायचं की रस्त्यावर कुणाला शंका येऊ नये. स्टॅन ऑफिसात रोज तेच करतो, फक्त त्याला ट्रॉफी मिळत नाही. तो नसता तर सरळमार्गी संसारसुद्धा एक सोंग असतं, हे मालिकेला सांगता आलं नसतं. आणि त्याची बायको पॅटी! तिची घुसमट तुम्ही एका ओळीतही घेतली नाहीत.

मुक्ताफळे:
@कैरीचं_पन्हं, पॅटी मलाही आवडली. पण दुसऱ्या सीझनमध्ये ती दोघं नाहीतच आणि मालिका उलट सुधारली. पहिल्या सीझनच्या शेवटी स्टॅन एंजलला आपल्याबरोबर चल म्हणतो, ती नाही म्हणते, कारण तिला आता घर आहे. त्याचं काम तिथे संपलं.

नानी_म्हणे:
‘हाऊस’ ही जणू अमेरिकेची देणगी अशा थाटात चर्चा चाललीय. आपल्याकडे हिजड्यांची घराणी कधीपासूनची आहेत! गुरू, चेला, गुरूभाई, नानगुरू (गुरूची गुरू), सगळं नातं लावलेलं. तिथे प्रेम आहे तसा पैशाचा व्यवहारही आहे. चेल्याच्या कमाईत गुरूचा वाटा असतो, गुरू बदलायचा तर दंड भरावा लागतो. ब्लँका आपल्या जुन्या घराच्या ‘आई’ला, एलेक्ट्राला सोडून स्वतःचं घर मांडते आणि किंमत काय मोजते? टोमणे. पुढे एलेक्ट्रा रस्त्यावर आली की तिलाच घरात घेते, रेस्टॉरंटमध्ये नोकरीही लावून देते. इतकी मोठ्या मनाची माणसं एकाच घरात? मला ते साखरेत घोळलेलं वाटतं. तिसऱ्या सीझनमधल्या एंजल-पापीच्या लग्नाबद्दल तर बोलतच नाही.

दादरचा_दिगू:
नानी, त्याच मालिकेत कँडी या ट्रान्स मुलीचा मोटेलमध्ये खून होतो, दर दोन भागांआड कुणीतरी एड्सने जातं. एवढं झाल्यावर एक लग्न थाटात झालं तर बिघडलं कुठे? पडद्यावर ट्रान्स मुलीचं प्रेत नेहमीच बघतो, तिची वरात कितीदा बघितलीत?

नानी_म्हणे:
वरात बघायला मी पुढेच असते. खर्च कुठून आला तेवढं सांगा, म्हणजे झालं.

कैरीचं_पन्हं:
मूळ मुद्द्यावर येते. शेवटच्या भागात प्रे टेल एचआयव्हीवरच्या नव्या औषधाच्या आपल्या वाट्याच्या गोळ्या रिकीला देतो आणि स्वतः मरतो. म्हणजे मुक्ता म्हणते त्या ‘निषिद्ध’ प्रेमालाच मालिकेने सगळ्यात मोठा मान दिला.

मुक्ताफळे:
मान दिला, पण मारून. दोघांना म्हातारं होऊ दिलं असतं आणि सणासुदीला डेमनच्या समोर जेवायला बसवलं असतं, तर मान म्हटलं असतं. डेमन तर तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच निघून जातो. ज्याला दुखलं होतं तो शेवटी खोलीत नाही, मग समेट कुणाशी झाला?

दादरचा_दिगू:
अहो, त्या अभिनेत्याने मालिका सोडली होती! लेखकांनी काय, त्याचा फोटो बसवायचा खुर्चीत?